संध्याकाळची टेकडी

सोमवार, २ फेब्रुवारी

गच्चीवरच्या त्या पांढऱ्या खोक्यात काय चाललेलं असतं ते घरबसल्या पाहता येतं, हे मला आज कळलं. वर्षभर तो आमच्या डोक्यावर बसून आहे. प्रदूषण खात्याने सोसायटीची परवानगी घेऊन तो बसवला, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं की त्याचा आवाज होईल का. आवाज होत नाही, म्हणून मी त्याला विसरून गेले होते.

धाकटीने फोनवर सांगत सांगत माझ्याकडून ते पान उघडून घेतलं. "इथे दाब. तिथे नाही गं आई, वरती. वरती म्हणजे छताकडे बघू नकोस." आणि पाहते तर एक निळी रेघ, दर पंधरा मिनिटांनी थोडी पुढे सरकणारी. आमच्या हवेत किती बारीक कण तरंगताहेत ते सांगणारी. मी विचारलं, "हे आपण बघितलेलं चालतं?" ती म्हणाली, "बघण्यासाठीच ठेवलंय. सरकारी आहे म्हणजे लपवलेलंच असतं असं नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, वास गेला. मागच्या गल्लीत बेकरीची भट्टी पेटली की पूर्वी मला अर्धवट झोपेतही कळायचं. आता खिडकी उघडली की नुसती हवा आत येते, कोऱ्या कागदासारखी. म्हणूनच असेल, ती रेघ पाहून मला फार बरं वाटलं. माझ्या वतीने कोणीतरी वर बसून वास घेतंय.

ह्यांना दाखवायला गेले, तर हे झाडांना पाणी घालायला गच्चीवर गेलेले. कुंड्या पाच, आणि पाणी तासभर. निवृत्त माणसाला वेळ कुठे तरी ओतावाच लागतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

रेघेलाही स्वभाव असतो. पहाटे थोडी जड असते. शाळा-कचेऱ्यांच्या वेळी गाड्या सुरू झाल्या की सावकाश चढते, दुपारी सुस्तावते. रात्री पुन्हा चढते, पण तेही सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी.

आणि मग एक गंमत आहे. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला तिच्यावर एक टेकडी उगवते. छोटी आणि टोकदार, जणू कोणी रेघेला चिमटा काढला. सातपर्यंत सगळं पूर्ववत. मी मागच्या महिन्याचे आकडे काढून पाहिले (ते कसे काढायचे हे माझं मलाच सापडलं, धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तू मला शिकव"). टेकडी रोजच्या रोज आहे. रविवारीसुद्धा.

ह्यांना विचारलं, "अहो, संध्याकाळी वर काही जळाल्यासारखा वास येतो का हो?"

"मला? नाही बुवा. कसला वास?"

"टेकडी येते म्हणून विचारते."

"सरकारी यंत्र ते. लागत असेल उचकी." पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात ढकलत म्हणाले. हल्ली ह्यांना गोड फार लागायला लागलं आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घातलं पाहिजे.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज शाळेची फार आठवण आली. आम्हाला भूगोल शिकवायला ज्या सिस्टर होत्या, त्यांनी फाटकापाशी बाहेरच्या बाजूला एक फळा लावला होता. रोज एका मुलीने आवारातला तापमापक पाहून आकडा फळ्यावर लिहायचा. आतल्या बाजूला का नाही, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आपल्याला कळलं ते रस्त्यावरच्या माणसालाही कळलं पाहिजे." माझी पाळी असली की मी घरून निघतानाच वेणीची रिबीन दोनदा बांधायची. दूधवाला सायकल थांबवून माझा आकडा वाचायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्याने जो अभिमान वाटला तो पुढे पदवी मिळाल्यावरही वाटला नाही.

तर आज दुपारी मी मोठा कागद घेतला आणि आठवड्याची रेघ त्यावर काढली. रंगीत पेन्सिलींनी. टेकडीला लाल रंग दिला आणि बाणाने दाखवून लिहिलं, 'ही रोज संध्याकाळी कुठून येते?' आणि खाली लिफ्टजवळच्या फलकावर लावून आले.

हे वाचायला थांबले होते. बराच वेळ. "अक्षर छान आलंय," म्हणाले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझ्या कागदापुढे गर्दी होते. लिफ्ट वर निघून जाते तरी लोक हलत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काकू, मुलाला दम्याचा त्रास आहे, त्याला सकाळी खेळायला पाठवू की दुपारी?" मी रेघ पाहून दुपार सांगितली. डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

सेक्रेटरींनी तर कागदाचा फोटो काढून घेतला. "काकू, सोन्यासारखं काम केलंत तुम्ही. मी चार वर्षं बोंबलतोय, कोणी ऐकत नव्हतं." कशाबद्दल बोंबलताय, हे विचारायचं राहिलं. कौतुक झालं की माझी अक्कल पाणी भरायला जाते.

सोमवार, १६ फेब्रुवारी

फार वाईट झालं.

सकाळी पाव आणायला गेले. ही बेकरी म्हणजे आमच्या मुलींची बिस्किटमावशी. मुली लहान असताना ती त्यांच्या मुठीत तुटकी बिस्किटं कोंबायची, त्यावरून हे नाव पडलं. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. लाकडाची भट्टी, पहाटे एक घाणा आणि संध्याकाळी एक.

मी पाव मागितला. तिने दिला आणि दुसऱ्या हाताने एक कागद माझ्यापुढे सरकवला. खात्याची नोटीस. सोसायटीने तक्रार केली आहे की बेकरीच्या संध्याकाळच्या धुराने हवा बिघडते. सोबत पुरावा जोडला आहे : 'इमारतीतील एका ज्येष्ठ नागरिकाने केलेला अभ्यास.' नऊ मार्चला सुनावणी. या महिनाअखेरीला तिच्या परवान्याची मुदत संपते आहे, सुनावणी होईपर्यंत तात्पुरती वाढ दिली आहे. निकाल विरुद्ध गेला तर भट्टी बंद.

"रंग छान भरलेत," ती म्हणाली. "लाल तर अगदी उठून दिसतोय."

"अगं, मी तुझं नाव कुठे लिहिलंय? मी नुसतं विचारलं होतं, कुठून येते म्हणून."

"विचारलंत ना. मिळालं त्यांना उत्तर." मग म्हणाली, "ताई, सेक्रेटरीला ही जागा गाड्या लावायला हवी आहे. हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. तुम्ही वरून हवेत काय काय आहे ते बघता, खाली काय चाललंय ते नाही दिसलं?"

 पाव घरी आणला आणि तसाच डब्यात ठेवून दिला.

ह्यांना सांगितलं. हे इतके संतापले की मला ह्यांच्या छातीचीच काळजी वाटायला लागली. ताडकन उठून शेजारी सेक्रेटरीच्या घरी गेले. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. "एका टेकडीवरून माणसाची चूल विझवता? पुरावा कशाला म्हणतात माहीत आहे का? मी तीस वर्षं हिशेबतपासनीस होतो."  बिस्किटमावशीबद्दल ह्यांना इतका जिव्हाळा असेल हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माणूस नव्याने कळतो.

मी खाली जाऊन माझा कागद काढून आणला. पण फोटो कसा काढून आणणार?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

यंत्राची देखभाल करणारी मुलगी आली होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल, इंजिनीअर आहे. मी मनातल्या मनात तिला फिल्टरबाई म्हणते. गच्चीकडे जाणारा लोखंडी जिना माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ती खाली उतरेपर्यंत दार उघडं ठेवून बसले आणि तिला चहाला आत ओढलं.

कितीतरी विचारलं. नळी म्हणजे यंत्राचं नाक. ते हवा ओढून घेतं, आत कण मोजले जातात, आकडा तारेवरून कचेरीत जातो आणि तिथून सगळ्यांच्या समोर. मधे कोणी हात लावत नाही. "आम्हीसुद्धा तुमच्याच वेळी बघतो, काकू," ती म्हणाली. मला हे फार आवडलं.

मग टेकडीचं विचारलं. ती म्हणाली, "लांबचा धूर पसरत पसरत येतो. त्यामुळे रेघ रुंद फुगते. टोकदार आलं की समजायचं, अगदी जवळचं आहे. नळीखाली कोणी आगकाडी ओढली तरी ही उडी मारते."

"बेकरी जवळच आहे."

"त्याहून जवळचं." तिने कपात पाहिलं. "वर टाकीमागे, आमच्या खोक्याला टेकून एक खुर्ची आहे. कोणाची?"

"ह्यांची. झाडांना पाणी घालून दमतात, मग बसतात जरा. तुमच्या कामात अडचण होते का?"

"नाही, अडचण कसली." आणखी थोडा चहा प्यायली. "काकू, घरात कोणी सिगारेट वगैरे?"

"छे. ह्यांची होती पूर्वी. ऑपरेशन झालं तेव्हा मला शब्द दिला आणि एका दिवसात सोडली. ह्यांचा निश्चय मोठा."

"बरं आहे," ती म्हणाली. निघताना दारात चपला घालत म्हणाली, "काकांना सांगा, कुंड्यांत पाणी जरा जास्त होतंय. मुळं कुजतील."

माझा संशय आता समोरच्या बिऱ्हाडावर आहे. त्यांच्या गॅलरीत संध्याकाळी काहीतरी धुमसत असतं, डासांसाठी. तेही जवळच.

सोमवार, २३ फेब्रुवारी

नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून हे काल तिच्याकडे गेले. जाताना चारदा म्हणाले, "मी नसताना झाडांचं काय?" मी म्हटलं, "त्यांना जरा कोरडी राहू द्या, फिल्टरबाईंनी सांगितलंय." त्यावर चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या पाठीमागे कुंड्या विकणार आहे.

घर मोठं वाटतं. संध्याकाळी साडेसहाला फोन घेऊन बसले, सोबत म्हणून.

टेकडी आली नाही. काल होती का ते पाहिलं. कालही नव्हती.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सलग सगळे दिवस रेघ सपाट. आज मुद्दाम संध्याकाळी बेकरीच्या गल्लीतून चक्कर मारून आले. भट्टी नेहमीसारखी पेटलेली, धुराडं नेहमीसारखं धूर ओकत होतं, बिस्किटमावशीने मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरी येऊन पाहिलं तर रेघ शांत.

म्हणजे बेकरी सुटली. मला इतका आनंद झाला की सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं आणि फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "वाऱ्याची दिशा बदलली असेल, काकू. आणि बेकरी नाही तर कोण? कोण ते सांगा, मी तक्रार मागे घेतो. धूर आहे म्हणजे कोणीतरी करतंय ना?"

कोण ते मला कुठे माहीत आहे? समोरच्या बिऱ्हाडातलं धुमसणं या आठवड्यातही चालूच होतं. मग तेही नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

हे आज दुपारी आले. नणंदेला आता माझी पाककृतींची वहीसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येईल म्हणाले. चहा घेतला, टाळूवर टोपी चढवली आणि झाडं बघायला वर गेले.

गंमत अशी की ह्यांच्या मागोमाग टेकडीही परत आली. नेहमीपेक्षा जरा उंचच. म्हणजे त्या दोघांनी एकाच वेळी सुट्टी घेतली होती.

मी हसत हसत हे वाक्य लिहिलं आणि आता लिहिल्यावर हसू येत नाहीये. उद्या पाहू. डोळे दुखतात.

रविवार, १ मार्च

काल काही लिहिलं नाही. काल संध्याकाळी हे जिना चढले तेव्हा मी घड्याळ पाहिलं नाही, नुसता फोन हातात धरून बसले. रेघ एकदा सरळ सरकली. पुढच्या खेपेला वर गेली.

खाली आले ते पेपरमिंट चघळत.

मला कळलंय. आणि मला असंही वाटतं की हे मला बऱ्याच दिवसांपूर्वी कळायला हवं होतं. मी आकड्यांकडे पाहत होते, कारण ते पाहणं सोपं होतं.

कोणाचा राग येतोय? ह्यांचा येतोय. शब्द दिला होता. तो डॉक्टर काय म्हणाला होता ते मी एकटीने ऐकलं होतं, दवाखान्याच्या त्या हिरव्या बाकावर, आणि घरी येऊन ह्यांना अर्धंच सांगितलं होतं. आणि माझाही येतोय. मी मजेने ओढलेल्या लाल पेन्सिलीच्या खुणेवर एका बाईची भट्टी विझणार आहे, आणि ती विझवणारा माणूस माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिच्या बाजूने भांडतोय.

गप्प राहिले तर काय होईल? घरात शांतता राहील. धाकटी लांब आहे, तिला कळणार नाही. सोसायटीत मान खाली घालावी लागणार नाही. आणि बिस्किटमावशी जाईल.

सोमवार, २ मार्च

सकाळी टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर हे इथे होते तेव्हाचे दिवस, दुसऱ्यावर नणंदेकडे होते तेव्हाचे. या वेळी रंग भरले नाहीत.

ह्यांनी चष्मा लावला. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब जसे पाहिले तसे पाहिले, बोट ठेवून, एकेक ओळ. मला वाटलं आता उचकीची गोष्ट येणार. आली नाही.

"पक्कं आहे," म्हणाले. मग चष्मा काढून, "हे किती जणांना दिसतं?"

"सगळ्यांना. जगात कुठूनही."

"म्हणजे मी रोज... जगजाहीर?"

"रोज. साडेसहाला."

"आणि मी त्या खोक्याला टेकून बसायचो, कारण टाकीच्या आड तेवढी एकच जागा आहे की जिथून कोणाला दिसत नाही." हे असे हसले की मला रडू आलं. मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. विचारलं, "कधीपासून?"

"बुद्धिबळवाला गेला तेव्हापासून."

हा ह्यांचा मित्र, खालच्या मजल्यावरचा. दोघं संध्याकाळी गच्चीवर पट मांडायचे. गेल्या पावसाळ्यात गेला. हे तेव्हा एकदाही रडले नाहीत आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते की ह्यांनी किती धीराने घेतलं.

"रोज एकच," हे म्हणाले. "पूर्वी, ऑपरेशनच्या आधी, त्याची पाळी आणि माझी पाळी यांच्या मधे ओढायचो तशी."

"आणि ती बिचारी बेकरीवाली?"

"म्हणून तर भांडतोय गं. दुसरं काय करू? ते एक वाक्य सोडून बाकी सगळं बोललो."

मी म्हटलं, "मग ते एक वाक्यच बोलायला लागेल तुम्हाला." हे उठून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.  

शनिवार, ७ मार्च

घरात आम्ही दोघंही फार सभ्यपणे वागतोय. "मीठ दे." "हे घ्या." गेल्या सोमवारपासून टेकडी उगवलेली नाही. हे वर जातात, तेवढाच वेळ बसतात, खाली येतात. तोंडात गोळी नसते.

धाकटीचा फोन होता. "आई, टेकडी सापडली का गं?" मी म्हटलं, "शोधतेय." लेकीशी इतकं उघड खोटं मी पूर्वी कधी बोलल्याचं आठवत नाही.

ह्यांनी सुनावणीबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मी ठरवलंय, हे बोलले नाहीत तर मी बोलायचं. ठरवलंय, पण मला जमेल की नाही कोण जाणे. भर सभेत आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवायचं, हे शिकवलं नव्हतं आम्हाला कोणी.

सोमवार, ९ मार्च

खात्याची खोली म्हणजे लांबट टेबल, भिंतीवर थांबलेलं घड्याळ आणि खुर्च्या अशा की बसलं की पुढे घसरायला होतं. साहेब मध्यमवयीन, सौम्य. कोपऱ्यात फिल्टरबाई. मी दिसले तशी नजरेने ओळख दिली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. बिस्किटमावशी इस्त्रीची साडी नेसून आली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिच्या नखांच्या कडेला पीठ होतंच.

सेक्रेटरी छान बोलले. माझा लाल कागद मोठा करून आणला होता. "हा आमच्या काकूंनी स्वतः..." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

साहेबांनी बिस्किटमावशीला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मी काय म्हणू, साहेब? भट्टी आहे म्हणजे धूर आहे. पण माझी भट्टी तीस वर्षं आहे आणि ही टेकडी आत्ता आत्ता उगवली, एवढंच मला कळतं."

मी उठायला म्हणून खुर्चीच्या हातावर जोर दिला. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

साहेब म्हणाले, "आपण? आपला या प्रकरणाशी काय संबंध?"

"मी स्रोत आहे," हे म्हणाले.

कोणाला कळेचना. सेक्रेटरी म्हणाले, "कसला स्रोत?"

"धुराचा. तुमच्या लाल टेकडीचा. रोज संध्याकाळी यंत्राच्या नळीखाली बसून मी सिगारेट ओढत होतो. घरी चोरून. बावीस ते सव्वीस फेब्रुवारी मी गावाला होतो. ते आकडे काढून पाहा, भट्टी तेव्हाही चालू होती. दोन मार्चपासून ओढलेली नाही, तेही पाहा." हिशेबतपासणीचा अहवाल वाचावा तसा स्वर. फक्त शेवटी जरा चिरकला. "या बाईंचा यात काही दोष नाही."

फिल्टरबाईंनी साहेबांपुढे पडदा फिरवला. आधीच काढून ठेवलं होतं वाटतं. खोलीत मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग आणखी दोघं. ह्यांचे कान लाल झाले. हे बसले नाहीत, उभेच राहिले. मी ह्यांच्या कोटाची बाही धरली. सभेत.

साहेबांनी हसू दाबत दोन-तीन प्रश्न विचारले. तक्रार फेटाळली. पण त्यांनी आणखी एक सांगितलं, तेही इथे लिहिलं पाहिजे. पहाटेची रेघ जी थोडी जड असते, त्यात भट्टीचा वाटा आहेच. धुराडं उंच करा म्हणाले, सहा महिन्यांत. बिस्किटमावशी म्हणाली, "करते. खरं असेल ते करते." सेक्रेटरींनी माझा मोठा केलेला कागद गुंडाळला, आणि तो हातात कसा धरावा हे त्यांना कळत नव्हतं.

घरी आम्ही बसने आलो. उतरताना हे म्हणाले, "धाकटीला तू सांगशील का मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," म्हटलं.

गुरुवार, १२ मार्च

खालच्या फलकावर सेक्रेटरींनी सूचना लावली आहे, की सामाईक गच्चीवर धूम्रपान केल्यास कारवाई होईल. नाव नाही, पण येणारी-जाणारी मुलं ह्यांना पाहून खोटं खोटं खोकतात. धाकटी फोनवर अर्धा तास रागावली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एकमेव माणूस आहात ज्याचं पाप सरकारी नकाशावर आहे."

आणि ते खरंच आहे. त्या दिवसांच्या आकड्यांखाली आता बारीक अक्षरात टीप आली आहे : 'केंद्रालगतच्या स्थानिक स्रोताचा प्रभाव.' मी ती तीनदा वाचली. इतकी वर्षं एकत्र राहून मी ह्यांच्याबद्दल जे लिहू शकले नसते ते खात्याने चार शब्दांत लिहिलं.

सकाळी पाव आणायला गेले. बिस्किटमावशीने पाव दिला. "काका बरे आहेत?" एवढंच विचारलं. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. तिचा राग जायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ तिने घ्यावा. मी रोज जाईन.

पण एक कबूल करते. एवढं होऊनही रात्री रेघ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. नदीपलीकडे दुसरं केंद्र आहे, त्याची रेघ दर गुरुवारी दुपारी फुगते. का असेल? या वेळी कागदावर काढणार नाही. आधी जाऊन पाहीन.

शुक्रवार, २० मार्च

सकाळी रेघ तुटलेली दिसली. पडद्यावर नुसतं 'माहिती उपलब्ध नाही'. फिल्टरबाईंना फोन केला तर म्हणाल्या, पंप बिघडलाय, सुटा भाग यायला आठवडा लागेल. नाश्त्याच्या वेळी मी ह्यांना तसं सांगितलं. हे नुसतं "हं" म्हणाले.

संध्याकाळी हे वर गेले. मी भाजी निवडत बसले. फोन शेजारीच होता, पण त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. काय चाललं असेल वर? पानं आणि देठ एकाच ढिगात पडायला लागले. मग मी ठरवलं की खाली आले की विचारायचं नाही. विचारलं तर ह्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि ते खरं की खोटं हे मी रेघेशिवाय कशी ओळखणार?

लोखंडी जिना वाजला. हे आत आले, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी मान वर केली नाही.

"आज एक ओढली," हे म्हणाले.

मी निवडलेल्या भाजीचं ताट बाजूला सारलं आणि ह्यांच्यासाठी खुर्ची ओढली.